भिंग म्हणजे तांब्या नव्हे

आपल्या घरात स्वच्छतेचं एकच शास्त्र सर्वमान्य आहे: घासा. तांब्याला चिंच, कढईला राख, आणि अंघोळीला बसलेल्या पोराला वजरी. या शास्त्रावर वाढलेल्या माणसाच्या हाती माळ्यावरचा जुना कॅमेरा लागला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी एक जोरदार फुंकर, तिच्यासोबत थोडी थुंकी, मग उपरण्याचा सोगा आणि गोल गोल घासणं. चकाकी येते, समाधान वाटतं आणि लेन्स संपते. माझं म्हणणं एवढंच आहे की जुनी लेन्स वयामुळे मरत नाही, आपल्या टापटिपीमुळे मरते. घरच्या घरी लेन्स दुरुस्त करण्यातली खरी कला हात चालवण्यात नाही, हात आवरण्यात आहे.

पुरावा पायाखालीच आहे. मेहकर तालुक्यातल्या जानेफळला सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटार, माती आणि रस्त्याचा फुफाटा यांचं त्रिवेणी मिश्रण घराघरात शिरतं. कुटार मऊ, माती चिवट. पण त्यांच्यासोबत वाळूचे, म्हणजे गारगोटीचे, कण येतात. कठीणपणाच्या मोहच्या मापावर गारगोटी 7 वर आणि काच साडेपाचाच्या आसपास. म्हणजे आपण उपरण्याने धूळ पुसत नसतो, उपरण्याचा पॉलिशपेपर करत असतो. त्यात काचेवर एक मुलामाही असतो. उजेड परतू न देता आत घेणारा हा थर एका मिलिमीटरच्या साधारण दहाहजाराव्या भागाएवढा, केसाहून शेकडो पटींनी पातळ. एवढ्या नाजूक गोष्टीवर आपण चिंचेचा आवेश दाखवतो.

‘मग काय धूळ तशीच ठेवायची?’ असं कोणी विचारेल. थोडी ठेवली तर बिघडत नाही, आणि याला गणित साक्षी आहे. 50 मिलिमीटरची, एफ 1.8 ची लेन्स पूर्ण उघडली की तिचं तोंड सुमारे 28 मिलिमीटर रुंद असतं. त्यावर एक मिलिमीटरचा भलामोठा ठिपका बसला तरी तो पावणेआठशेवा हिस्सा उजेड अडवतो. फोटोत तो दिसतही नाही, कारण पुढच्या काचेवरची धूळ फोकसमध्येच नसते. सूर्य समोर असला किंवा छिद्र बारीक केलं तर तिचा उपद्रव जाणवतो, हे कबूल. मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त नडतो, हेही कबूल. पण डागांची बाजू घेणारा सगळ्यात वजनदार साक्षीदार इंग्लंडचा आहे. 1890 च्या दशकात हॅरॉल्ड डेनिस टेलर या भिंगकाराला दिसलं की वयाने काळवंडलेली भिंगं नव्या भिंगांपेक्षा जास्त उजेड आत सोडतात! गृहस्थाने ती घासायला घेतली नाहीत. उलट काच मुद्दाम डागाळायची कृती शोधली आणि 1904 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे 1935 मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत मुलामा चढवायची रीत काढली. म्हणजे आपण जो थर घासून काढतो, त्याचा मूळपुरुष एक डागच होता.

बुरशीचं प्रकरण मात्र वेगळं, तिथे दयामाया नको. जानेफळची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, त्यामुळे कोकणातल्या लेन्सला बारमाही छळणारी बुरशी इथे पावसाळी पाहुणीसारखी येते. पण आपण लेन्स चामड्याच्या पिशवीत, पिशवी कपड्यांच्या घडीत आणि घडी बंद कपाटात ठेवून पाहुणीची कायमची सोय करतो. तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचं मिश्रण चालतं, पण खिडकी उघडी ठेवून, थोडंसं आणि कागदाला लावून. काचेवर ओतून नव्हे. बुरशी जाते, पण तिने आम्लाने कोरलेली नक्षी उरते. ती घासून जात नाही, घासणारा मात्र थकतो.

शेवटचा आक्षेप असा की हे जाणकाराचं काम, आपण उघडूच नये. मला तो मान्य नाही. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा घरच्या घरी बनवायचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी 1918 च्या सुमारास बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या मदतीने तो पुरा केला. पण ते घाई करणारे नव्हते. आपण मुलाच्या कंपासपेटीतलं करकटक घेऊन लेन्सची कडी फिरवतो, ते घसरतं आणि काचेवर कायमची सही करतं. छिद्राच्या कड्याखाली मोहरीएवढी पोलादी गोळी असते. कडं निघताच ती उडते आणि फोडणीतसुद्धा सापडत नाही. फोकसच्या आट्यांना सुरुवातीची तोंडं अनेक असतात. खूण न करता ती सोडवली आणि चुकीच्या तोंडातून परत बसवली, तर लेन्स दिसायला शहाणी दिसते, पण अनंतापर्यंत पोचत नाही. अनंत हातचा घालवायला एक आटा पुरतो.

म्हणून क्रम साधा ठेवावा. रबरी फुग्याने हवा मारा, मऊ ब्रश फिरवा, मग एक फोटो काढून बघा. फोटोत दोष दिसला तरच पुढे जा, नाही तर झाकण लावा. तरीही हात शिवशिवत असतील, तर स्वयंपाकघरात चिंच आहे आणि तांब्याही आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या घासून घेत आला आहे आणि त्याला फोकसही करायचा नसतो.