चारित्र्याचा दाखला, मूळ प्रत

देशसेवा करायची असेल तर सगळ्यांत आधी काय लागतं, हे मला अलीकडेच चंडीगडच्या एका खिडकीवर कळलं. शेवटच्या शिक्षणसंस्थेच्या प्राचार्यांनी दिलेला चारित्र्याचा दाखला. मूळ प्रत. सहा महिन्यांच्या आतला. सहा महिन्यांनंतर चारित्र्याला बुरशी येते, असा शासकीय अनुभव असावा. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. ती खिडकी तुम्हीही पाहिलेली आहे, तुमच्याकडे तिच्यावरचा पंखा तेवढा दुसऱ्या कंपनीचा असेल.

खिडकीसमोर माझा भाचा उभा होता. पोरगा खानदेशातला. इथे सेक्टर २२ मध्ये मोबाइल दुरुस्त करतो, बुडैलमध्ये खोली घेऊन राहतो, आणि दिवसा स्क्रू फिरवून रात्री वाचत मुक्त विद्यापीठाचा बी.ए. झालेला आहे. आता युवक स्वयंसेवक व्हायचं त्याने डोक्यात घेतलंय. अशा योजनेत वय १८ ते २९, महिना पाच हजार मानधन, आणि नियमातच स्वच्छ लिहिलेलं की ही नोकरी नव्हे व या जोरावर पुढे नोकरीवर हक्क सांगता येणार नाही. एवढं वाचूनही जो अर्ज करतो, त्याच्या चारित्र्याबद्दल वेगळा पुरावा कशाला हवा, अशी माझी भाबडी समजूत.

“प्राचार्यांचा दाखला कुठाय?”

“मला प्राचार्य नव्हते.”

खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर नेला. “बी.ए. आहेस ना, बेटा? मग प्राचार्य असणारच. आठव.”

भाच्याने खरंच आठवून पाहिलं. पोस्टाने आलेली पुस्तकं आठवली, रविवारचं अभ्यासकेंद्र आठवलं, हाताने लिहून दिलेल्या असाइनमेंट आठवल्या, परीक्षेसाठी बिनपगारी घेतलेल्या रजा आठवल्या. प्राचार्य काही आठवेनात. मग त्याला विद्यापीठाकडे पिटाळलं. तिथल्या बाई समंजस होत्या. म्हणाल्या, “आम्ही तुला कधी पाहिलेलं नाही, तुझ्या वागणुकीचं कसं लिहून देणार? आम्ही गुणांची हमी देतो, गुणी असल्याची नाही.”

मला त्या बाईंचा राग आला नाही. उलट या सबंध प्रकरणात खरं बोललेली ती एकच व्यक्ती. कारण ज्यांना प्राचार्य असतात त्यांचं काय होतं, ते आपण सगळे जाणतो. कॉलेजच्या कार्यालयात दाखल्यांचं छापील पॅड असतं. मजकूर तयार असतो, नावापुरती जागा मोकळी असते. मजकूर असा, की सदर विद्यार्थ्यास मी ओळखतो आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे. माझ्या माहितीप्रमाणे! माहिती शून्य असेल तर तिच्याप्रमाणे कोणाचीही वर्तणूक चांगलीच असणार. तीन वर्षांत तीन प्राचार्य बदललेले असतात. सही करणारे गेल्या मंगळवारी रुजू झालेले असतात, त्यांना अजून स्वतःच्या खोलीतला दिवा कोणत्या बटणाने लागतो हे माहीत नसतं. पण समोरच्या गठ्ठ्यातल्या पोरांचं नैतिक चारित्र्य त्यांना तोंडपाठ असतं. आणि ही पोरं त्या वेळी कुठे असतात? सेक्टर १० च्या रस्त्यावर गेडी मारत. पुणे-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, गेडी म्हणजे ८ ते ११ सेक्टरांच्या रस्त्यांवरून, काच खाली करून, गाणं मोठं लावून, गाडी सावकाश फिरवत राहायची आणि कुठेही पोचायचं नाही. या शहराच्या तरुणाईचा तो खरा नियमित अभ्यासक्रम. हजेरी शंभर टक्के. म्हणजे प्राचार्यांची खुर्ची आणि विद्यार्थ्याची गाडी यांच्यात तीन वर्षं जे चालतं तेही दूरशिक्षणच की! तिथलं अंतर तर पोस्टानेही कापता येत नाही. तरी त्या पोराला दाखला पाच मिनिटांत मिळतो, शिपायाला चहा पाजला तर तीन.

गुणपत्रिकेची प्रत खरी आहे, हे आता अर्जदाराने स्वतः सही करून सांगितलं तरी चालतं. राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात बसून राहण्याचे दिवस बऱ्याच ठिकाणी गेले. चारित्र्याला मात्र अजून तिसरा माणूस लागतो, आणि त्याने आपल्याला न पाहिलेलं असणं ही त्याची पात्रता.

भाचा चिकाटीचा. (चिकाटी नसती तर इतिहासाचा चौथा पेपर तिसऱ्यांदा दिला नसता.) त्याने २०२० ची नियमावली छापून आणली. मुक्त आणि दूरशिक्षणातली मान्यताप्राप्त पदवी नेहमीच्या पद्धतीने मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं त्यात लिहिलेलं आहे. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ चं. एवढी वर्षं झाल्यावरही ती बरोबरी पुन्हा कागदावर लिहून द्यावी लागते, यातच काय ते आलं. त्याने त्या ओळीवर पिवळी शाई फिरवली होती. गृहस्थांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे तू रेग्युलरच्या बरोबरीचा?”

“होय.”

“मग नाही चालणार. रेग्युलर विद्यार्थ्याला यात अर्ज करता येत नाही.”

तसा नियम आहे, हे कबूल केलं पाहिजे, आणि तो शहाणपणाचाही आहे. जो पोरगा रोज कॉलेजला जातो तो पूर्ण वेळ स्वयंसेवक कसा होणार? भाच्याने नम्रपणे सांगितलं, की बरोबरीची आहे ती पदवी, मी नव्हे. शिवाय माझं शिक्षण संपलेलं आहे. “संपल्याचा पुरावा?” पदवी. “पदवी हा पास झाल्याचा पुरावा. संपल्याचा पुरावा म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला.” आता जो कॉलेजात गेलाच नाही तो ते सोडणार कसं, हा प्रश्न मी काचेतून विचारला, तेव्हा मला अंकलजी म्हणून बाजूला उभं करण्यात आलं.

दुसरी वाट राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रमाणपत्राची. ते असेल तर चारित्र्याचं पाहू, अशी सवलत गृहस्थांनी स्वतःच्या अधिकारात देऊ केली. ही योजना चांगली, जुनी. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक; आठ आरे म्हणजे आठ प्रहर, म्हणजे स्वयंसेवक चोवीस तास सेवेला हजर. हिशोबाला मात्र वर्षाचे १२० तास, दोन वर्षांचे २४० आणि सात दिवसांचं शिबिर. तास लिहायला वही हवी, वहीवर सही करायला कार्यक्रम अधिकारी हवा, आणि तो कॉलेजात शिकवणारा हवा. २०२३ च्या जुलैत इथल्या सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा भाचा कामावर न जाता दोन दिवस पाण्यात उभा होता. लोकांचे भिजलेले मोबाइल त्याने नंतर फुकट उघडून वाळवून दिले. ते किती तास भरले? वही नव्हती, त्यामुळे भरलेच नाहीत.

आता शिबिराची गंमत. शिबिर म्हणजे पोरांनी सात दिवस दत्तक गावात किंवा वस्तीत जाऊन राहायचं. चंडीगडात गाव कुठून आणायचं? हे शहर आखताना मधली काही गावं होती तशी ठेवली आणि त्यांच्याभोवती सेक्टर ओतले. बुडैल ते असं, सेक्टर ४५ च्या पोटात. एका बाजूला बंगल्यांची रांग, रस्ता ओलांडला की एकावर एक रचलेल्या खोल्या, लोंबणाऱ्या तारा आणि माझा भाचा. तर एका कॉलेजची पोरं ग्रामसेवेसाठी तो रस्ता ओलांडून आली. निघायच्या आधी रस्त्याच्या अलीकडे बर्गर खाल्ले, कारण गावात काय मिळेल सांगता येत नाही. पांढरे टी-शर्ट, फलक, हातात सर्वेक्षणाचे फॉर्म. भाच्याच्या दारावर थाप पडली. शिक्षण किती, विचारलं. बी.ए., म्हणाला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. फॉर्मवर “निरक्षर”, “प्राथमिक” आणि “इतर” एवढेच पर्याय होते. त्याला “इतर”मध्ये टाकलं. मग हात कसे धुवावेत याचं प्रात्यक्षिक झालं, भाच्याने धुतलेले हात वर करून दाखवले, फोटो निघाला. पोरांच्या वहीत चार तास पडले. त्यातल्या एकाच्या मोबाइलची काच फुटलेली होती, ती भाच्याने तिथेच बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. त्याचा तास कोणाच्याही वहीत नाही.

मला इथे विनोद सुचेनासा होतो. १९५९ साली केंद्राने नेमलेल्या एका समितीने शिफारस केली होती, की कॉलेजात जाण्याआधी प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर सक्तीने राष्ट्रसेवा करावी. खर्च पाहून सरकारने ती बाजूला ठेवली. म्हणजे सगळ्यांना जबरदस्तीने आणणं परवडेना, ठीक. पण जो आपल्या पायाने, बिनपगारी रजा टाकून, पाच हजारांवर राबायला आलाय, त्याला हाकलायला एवढी यंत्रणा कशी परवडते? नायजेरियात यादवी युद्धानंतर १९७३ पासून पदवीधरांना वर्षभराची राष्ट्रसेवा सक्तीची आहे. तिथेही मुक्त विद्यापीठाच्या पदवीधरांना वर्षानुवर्षं दारातच अडवलं गेलं. पण त्यांना निदान वगळल्याचं लेखी पत्र मिळायचं. आपल्याकडे नकारसुद्धा तोंडी. जो दिवसभर काम करून शिकला तो अर्धवट, आणि जो बापाच्या पैशावर गेडी मारत शिकला तो पूर्ण, असं ज्यांनी मनात धरून ठेवलंय त्यांनी निदान ते छापून खिडकीवर लावावं. पोरांचं बसभाडं वाचेल.

भाच्याला मी मनीमाजऱ्याचं उदाहरण देऊन धीर दिला. या शहराच्या आराखड्यात तेराव्या सेक्टरला जागाच नव्हती; बारानंतर थेट चौदा. आणि मनीमाजरा, शहरापेक्षा कितीतरी जुनं गाव, शेजारी असूनही सेक्टरांत धरलं जात नव्हतं. शेवटी २०२० मध्ये कागदोपत्री मनीमाजऱ्यालाच सेक्टर १३ केलं. गाव होतं तिथेच राहिलं, रेग्युलर झालं. “मामा,” भाचा म्हणाला, “गावाला वयाची अट नव्हती.”

परवा अखेर गृहस्थांना दया आली. अर्ज परत सरकवत त्यांनी आवाज खाली घेतला. “तू बी.ए. लिहिलंस तिथेच फसलास. यात दहावी पास पुरते. फक्त दहावी लिही, शाळेच्या मुख्याध्यापकांचा दाखला आण, काम झालं.” मुख्याध्यापकांना भाचा चांगला आठवतो, त्याने शाळेची घंटा एकदा काढून भंगारात विकली होती. पण तो अडला दुसरीकडेच. अर्जाच्या शेवटी प्रतिज्ञा होती : वरील माहिती खरी असून मी काहीही लपवलेलं नाही.

“म्हणजे चांगल्या चारित्र्याच्या दाखल्यासाठी खोटं लिहू?”

गृहस्थांनी खांदे उडवले. मग त्यांच्या लक्षात आलं, की पत्ता बुडैलचा आहे. त्यांनी खणातून दुसरा फॉर्म काढला, गुलाबी. “हा भर. यात कोणाचीच सही लागत नाही.” भाच्याने वर काय छापलंय ते वाचलं. लाभार्थी नोंदणी.