विरार बाहेर, बदलापूर आत

सांगली-साताऱ्याकडच्या लग्नात बदलापूरच्या माणसाला कोणी विचारलं, "आपण कुठे असता?" तर तो बेधडक "मुंबईला" म्हणून मोकळा होतो. हेच उत्तर दादरच्या माणसापुढे टिकत नाही. तिथे लगेच पुरवणी प्रश्न येतो, "मुंबईत कुठे?" बदलापूर म्हटल्यावर दादरकर "अच्छा, अच्छा" असं दोनदा म्हणतो, आणि त्या दुसऱ्या 'अच्छा'त कल्याणच्या पुढचा सगळा प्रवास मावतो. पण दादरकरानेही फार ताठ राहू नये. गिरगावातल्या जुन्या मंडळींच्या लेखी दादर म्हणजेच परगाव होतं. प्रत्येक मुंबईकराची मुंबई त्याचं स्वतःचं स्टेशन आलं की संपते. त्याच्याही पुढे राहणारे लोक तिथे का राहतात, हे त्याला कधीच समजत नाही.

यात सरकारचाही थोडा हात आहे. १९५० पर्यंत मुंबईची हद्द माहीम आणि शीव इथे संपत होती. वांद्र्याला स्वतःची नगरपालिका होती, कुर्ल्यालाही होती. १९५० मध्ये हद्द एकीकडे जोगेश्वरीपर्यंत आणि दुसरीकडे भांडुपपर्यंत सरकली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडला जाऊन थांबली, ती अजून तिथेच आहे. म्हणजे मुलुंडकर कागदोपत्री मुंबईकर झाला तो १९५७ मध्ये. पण त्याने चेकनाक्यापलीकडच्या ठाण्याविषयी बोलावं आणि आपण ऐकावं! लोकलच्या डब्यात सगळ्यांत शेवटी घुसलेला माणूसच दारात उभा राहून "आता जागा नाही" म्हणून ओरडतो, त्यातलाच हा प्रकार.

२०११ च्या जनगणनेने मुंबईचे दोन आकडे दिले. महापालिकेच्या हद्दीत १ कोटी २४ लाख ४२ हजार ३७३ माणसं. आणि भोवतालची शहरं धरून जो नागरी समूह होतो, त्यात १ कोटी ८३ लाख ९४ हजार ९१२. म्हणजे जवळजवळ साठ लाख माणसं अशी, की ती मुंबईत आहेतही आणि नाहीतही. या समूहात ठाणे आहे, नवी मुंबई आहे, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ आहे, आणि शेवटी बदलापूरही आहे. सांगलीच्या लग्नात तो गृहस्थ खोटं बोलला नव्हता. जनगणना त्याच्या बाजूने आहे.

विरार मात्र या यादीत नाही. चर्चगेटच्या फलाटावर रोज संध्याकाळी ज्या नावाची पाटी लागताच माणसं धावत सुटतात, ज्या गाडीत बोरिवलीचा माणूस चढला तर त्याची उतरायची पंचाईत होते, ते विरार मुंबईत नाही. वसई-विरार हे बारा लाखांचं वेगळं शहर म्हणून मोजलं गेलं. भिवंडी वेगळी, पनवेलही वेगळं.

नागरी समूहाचा नियम तसा सरळ आहे. वस्ती सलग हवी. एका शहराची घरं दुसऱ्या शहराच्या घरांना जाऊन भिडलेली हवीत. वसईच्या आणि भाईंदरच्या मध्ये खाडी आहे, हे खरं. पण खाडी मानखुर्द आणि वाशीच्या मध्येही आहे, ती आडवी आली नाही. भिवंडी तर ठाणे आणि कल्याणच्या शेजारीच बसली आहे. मुंबईच्या घराघरांत येणाऱ्या खोक्यांपैकी कितीतरी तिथल्या गोदामांतून निघतात. खोकं मुंबईचं, गोदाम बाहेरचं.

माणूस कामाला किती लांब जातो आणि कशाने जातो, हे २०११ च्या जनगणनेने विचारलं होतं. ते लिहूनही घेतलं. पण समूहाची रेघ त्यावरून ओढत नाहीत. अमेरिकेत महानगराची सीमा ठरवताना रोज कामासाठी ये-जा करणाऱ्यांचं प्रमाण बघतात. तो नियम आपल्याकडे आणून जरा सैल हाताने लावला, तर डेक्कन क्वीनचे पासधारक मुंबईच्या लोकसंख्येत धरावे लागतील. ते मुंबईला चालेल. पुण्याला चालणार नाही.

आणि जनगणनेचं सोडा, बाकीच्या खात्यांचंही एकमेकांत कुठे जमतंय? टेलिफोन खात्याने ठाण्याला मुंबईचा ०२२ दिला आणि डोंबिवलीला ०२५१ देऊन बाहेर ठेवलं. पनवेलला ०२२ मिळाला, पण ते जनगणनेत बाहेर राहिलं. रिक्षांच्या हिशेबात मुंबई अजून १९५० च्या आधीची आहे. माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा जात नाही. रेल्वेची मुंबई सगळ्यांत ऐसपैस: लोकल एकीकडे डहाणूला जाते, दुसरीकडे कसाऱ्याला, तिसरीकडे खोपोलीला. एमएमआरडीएची मुंबई २०१९ मध्ये वाढली, तेव्हा पालघर, पेण आणि अलिबाग तालुके पूर्णपणे तिच्यात आले, क्षेत्रफळ सहा हजार चौरस किलोमीटरच्या वर गेलं. तरी कसारा राहिलाच. अलिबागहून आलेला माणूस म्हणजे भोळा, असं समजणाऱ्यांना हा सरकारने दिलेला चोख जबाब आहे.

बिल्डरची मुंबई याहून मोठी, पण ती किलोमीटरमध्ये नसते, मिनिटांत असते. ती मिनिटं पहाटे चार वाजता मोजलेली असावीत. शिवाय एक मुंबई पुरत नाही म्हणून आता क्रमांक टाकायला सुरुवात झाली आहे. नवी मुंबई झाली, अटल सेतूच्या पलीकडे तिसरी व्हायची आहे आणि वाढवणजवळ चौथीचं बोलणं चालू आहे.

खरं सांगायचं तर पूर्वी हद्द खिशाला कळायची. जकात नाक्यावर ट्रकांची रांग लागली की समजायचं, मुंबई आली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली. मग निदान टोलनाका तरी होता. ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना तोही माफ झाला. आता मुंबई सुरू झाली हे ओळखायला खड्डे बघावेत म्हटलं, तर त्यांनी हद्द कधीच पाळलेली नाही. पाण्याच्या बाजूने बघावं, तर मुंबईचा नळ थेट शहापूर तालुक्यात उघडतो. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय, भातसाही तिथलंच. उन्हाळ्यात त्या धरणांच्या अंगाखांद्यावरच्या गावपाड्यांत टँकरची वाट बघतात. पाण्यापुरतं शहापूर मुंबईत आहे. पाणी पिण्यापुरतं नाही.

मला वाटतं, घोळ मोजण्याच्या वेळेत आहे. जनगणना माणसाला तो राहतो तिथे गाठते. बेघरांची मोजणी तर मुद्दाम रात्री करतात, कारण तेव्हाच माणूस एका जागी सापडतो. म्हणजे मोजली जाते ती झोपेची जागा. आणि मुंबई हे काही झोपण्यासाठी वसवलेलं शहर नव्हे. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या मूळ बेटावर, ३३ लाख ३८ हजार माणसं होती. २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार उरली. अडीच लाख कमी. बेटाला हे नवीन नाही: १८६४ मध्ये, कापसाच्या तेजीत, इथे आठ लाखांवर डोकी मोजली गेली होती, तेजी ओसरली आणि १८७२ मध्ये साडेसहा लाखही भरली नाहीत. पण तेव्हा गेलेले गावी गेले. आताचे गेले ते डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला, बदलापूरला, आणि रोज सकाळी परत येतात. परळच्या ज्या गिरणीत वडिलांनी साचा चालवला, तिच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत मुलगा दिवसाचे दहा तास बसतो. वडील मुंबईकर मोजले गेले, कारण चाळ गिरणीच्या मागे होती. मुलगा मोजला जातो तो दीड तासावरच्या त्याच्या पलंगापाशी.

पुढची जनगणना २०२७ ची. मोजणीआधी गावांच्या, शहरांच्या, जिल्ह्यांच्या सीमा गोठवतात, म्हणजे मोजणी संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. क्रेनना असा काही आदेश निघत नसल्यामुळे घरं आपापल्या वेगाने एकमेकांना भिडतच राहतात. या वेळी कोणाला वसई-विरार, भिवंडी आणि पनवेल सलग वाटले आणि त्यांना आत घेतलं, तर २०११ च्या जुन्या आकड्यांनीसुद्धा मुंबई एका रेघेसरशी एकवीस लाखांनी वाढेल, आणि त्यासाठी कुठे एकही पाळणा हललेला नसेल. मग लोकसंख्येच्या स्फोटावर अग्रलेख येतील, आणि विरारकर ते उभ्याने वाचून शेजारच्याला सांगेल, की सफाळे-पालघरकडून येणारी ही माणसं थांबवल्याशिवाय आपल्या मुंबईचं काही खरं नाही.