चुणीकाका

रविवारी सकाळी साडेसातला आमच्या सोसायटीत दोन आवाज येतात. एक तिसऱ्या मजल्यावरच्या रियाजाचा, दुसरा पार्किंगमधला, पत्र्यावर हॅकसॉ चालल्याचा. रियाजाबद्दल सभेत तक्रार झालेली आहे. हॅकसॉबद्दल कोणी करत नाही, कारण तक्रार घेऊन खाली गेलेला माणूस पाऊण तासानं, बोटांना काळं तेल आणि डोक्यात मायक्रॉन घेऊन वर येतो. चहा तोवर गार झालेला असतो.

हे आमचे चुणीकाका. खरं आडनाव जिन्याखालच्या पत्रपेटीवर आहे, पण वापरात नाही. इंजिनाला ऑइल फिल्टर नावाचा तांब्याएवढा एक पत्र्याचा डबा लागतो आणि त्याच्या पोटात कागदाच्या उभ्या चुण्या असतात. काका त्या मोजतात. लग्नातल्या नऊवारीच्या निऱ्याही इतक्या बारकाईनं कोणी बघत नसेल.

पिंपरीतल्या एका कारखान्यात काका तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. त्यांच्या सहीशिवाय तिथं माल हलत नसे. निवृत्त झाले आणि त्यांची सही मागणारा फक्त कुरिअरवाला उरला. सुरुवातीला त्यांनी घरातल्या घरात इन्स्पेक्शन करून पाहिलं. पोळीची जाडी व्हर्नियरनं मोजली, आणि त्या दुपारी त्यांना व्हर्नियरसकट बाहेर जेवावं लागलं असं म्हणतात. मग त्यांना ऑइल फिल्टर सापडला. बाहेरून सगळे सारखे, आत काय ते दिसत नाही, आणि नापास केला तरी उलटून बोलत नाही.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो लिफ्टमध्ये. नाना पेठेतून फिल्टर घेऊन आलो होतो.

"किती दिले?"

"एकशेवीस."

त्यांनी खोका हातात घेतला, होलोग्राम उजेडात तिरका धरून बघितला, मग फिल्टर बाहेर काढून नारळासारखा कानाशी हलवला.

"हलका आहे."

"म्हणजे वाईट?"

"तसं म्हणता येणार नाही. जड असला तर नुसता पत्रा जाड, इतकंच. आतलं कापल्याशिवाय कसं कळणार?"

"काका, कापला तर गाडीला काय लावू?"

"दुसरा आण."

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली म्हणून वाचलो. पण काकांचं अख्खं शास्त्र त्या दोन शब्दांत आहे. ज्या फिल्टरची त्यांना खात्री असते तो कापलेला असतो, आणि जो गाडीला बसतो त्याची खात्री कधीच नसते. कलिंगडाची फोड काढून बघितली तर उरलेलं कलिंगड निदान खाता तरी येतं.

कापलेला फिल्टर मग घरी डायनिंग टेबलावर जातो. खाली कालचा पेपर, त्यावर काकूंचं साबुदाणा निवडायचं ताट. त्या ताटाचा उपास कधीच सुटला आहे. काका एकेक अवयव मांडतात. कडेला भोकं आणि मध्ये आटे असलेली जाड तबकडी. कडेच्या भोकांतून तेल आत शिरतं, कागदातून गाळून मधल्या नळीत येतं आणि आट्यांच्या भोकातून इंजिनाकडे परत जातं. तबकडीखाली रबराची एक चकती. ही अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. गाडी बंद असताना तेल फिल्टरमधून मागं निथळू नये म्हणून. निथळलं तर सकाळी पंपाला आधी रिकामा डबा भरावा लागतो, आणि तेवढा वेळ इंजिन कोरडं खडखडतं. काळं रबर असलं तर बहुधा नायट्राइल, केशरी असलं तर बहुधा सिलिकॉन. नायट्राइल उष्णतेनं लवकर कडक होतं. डॉक्टर पापणी उलटून बघतो तशी काका ही चकती अंगठ्यानं उलटतात आणि "केशरी!" म्हणताना त्यांचा आवाज भरून येतो. त्याच घरात कुकरची रिंग कडक होऊन महिना झाला आहे. काकू आठवण करतात, काका "बघू" म्हणतात.

सगळ्यात मोठी कसोटी कागदाच्या दोन्ही टोकांच्या झाकणांची. ती पत्र्याची तरी असतात नाहीतर पुठ्ठ्याची. "पुठ्ठा निघाला" हे वाक्य काका जावई दारू पितो असं सांगावं तसं सांगतात. वास्तविक डिंक नीट लागलेला असला तर पुठ्ठ्याचं झाकणही आपलं काम बिनबोभाट करतं. हे त्यांना माहीत आहे, पण कबूल करायला त्यांना एकांत लागतो.

बायपास व्हॉल्व्हवर मात्र ते फार छान बोलतात, आणि इथं मी त्यांना पूर्ण मार्क देतो. थंडीत तेल घट्ट झालं किंवा कागद गाळानं तुंबला, तर स्प्रिंगवरची ही झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे सोडते. बेअरिंगला मळकं तेल मिळालेलं परवडतं, तेलच न मिळालेलं परवडत नाही. "फिल्टर तुंबला की बायपास उघडतो," काका म्हणतात, "आपल्या पुण्यात आधी बायपास तुंबतो."

फिल्टरचा इतिहास सांगताना तर ते बारशाला हजर असल्यासारखे बोलतात. 1923 साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँडनं हा उद्योग सुरू केला आणि 'प्युअर ऑइल लेटर' यावरून त्याचं नाव प्युरोलेटर ठेवलं. "नावातच 'लेटर' आहे बघ, आत्ता नाही, नंतर," असं म्हणून ते काकूंकडे बघून हसतात. काकू हसत नाहीत. त्यांचं लक्ष ताटाकडे असतं.

मग बीटा रेशो. वीस मायक्रॉनला बीटा 75 म्हणजे त्या आकाराचे आणि त्याहून मोठे 75 कण आले तर पुढे एकच जातो. बीटा 2 म्हणजे निम्मे गेले. तेव्हा नुसतं 'आमचा फिल्टर वीस मायक्रॉनचा' या छापील वाक्याला अर्थ नाही, किती अडवले तेही सांगायला हवं. मुद्दा बिनतोड आहे. ही मोजणी प्रयोगशाळेत होते, धूळ मिसळलेलं तेल पुन्हा पुन्हा फिरवून, कण मोजणारी यंत्रं लावून. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा, म्हणजे वीस मायक्रॉन डोळ्यांना दिसतच नाही. हे सगळं काका स्वतःच सांगतात, आणि वाक्य संपता संपता चष्मा पुसून दातकोरण्यानं चुण्या मोजायला घेतात. "अठ्ठेचाळीस. मागच्यात बावन्न होत्या." चुण्या फार दाटल्या तर एकमेकींना चिकटून तेलाची वाट अडते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. तसं म्हटलं, तर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा मोजल्या.

एकदा समोरच्या बिल्डिंगमधल्या एका डॉक्टरांच्या गाडीचा वापरलेला फिल्टर त्यांनी कापला आणि चुण्यांमध्ये चकाकणारा चुरा दिसला. काकांचा चेहरा पडला. "बेअरिंग गेलं." डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात डॉक्टरांना ही बातमी कळवण्यात आली. त्यांनी इंजिन खोलायला कितीला पडेल याची चौकशीही केली. चार दिवसांनी काकांनी कोरा फिल्टर कापला, तर त्यातही तोच चुरा. तो हॅकसॉचा होता. आता ते पत्रा सोलून काढणारं गोल कटर वापरतात. हॅकसॉ फक्त नव्या फिल्टरला, आणि डॉक्टरांकडे ते हल्ली ब्लडप्रेशर दाखवायला जात नाहीत.

नाना पेठेतले दुकानदार त्यांना ओळखतात. काका दिसले की काउंटरवरचा पोऱ्या खोके मागं सरकवतो. "काका, घेणार की बघणार?" काका एका कंपनीचे दोन घेतात, एक कापायला आणि एक बसवायला. घरी गेल्यावर पहिला चांगला निघाला, की दुसराही तसाच आहे का, ही शंका छळायला लागते.

मागच्या वर्षी माझ्या गाडीचं ऑइल बदलायचं होतं. काका तीन फिल्टर घेऊन गॅरेजवर हजर झाले. मेकॅनिकनं नट काढून जुनं तेल पातेल्यात सोडलं, जुना फिल्टर उतरवला आणि हात पुढे केला. तोवर काकांनी तिन्ही कापले होते. दोन नापास. तिसरा पहिल्या नंबरानं पास, पण दोन तुकड्यांत. रविवार, नाना पेठ बंद. गाडी जॅकवर, पोट रिकामं. काका हात धुवायला नळाकडे गेले तेवढ्यात मेकॅनिकनं फळीवरच्या डब्यांतून एक फिल्टर काढला, त्याच्या रबराला बोटभर तेल फासलं, हातानं बसवून पाऊण फेरा आवळला.

"कुठला लावलास रे?" ओले हात झटकत काका आले.

"होता एक."

वर्षभर काका मला जिन्यात भेटायचे आणि विचारायचे, "किती किलोमीटर झाले?" प्रकृतीची चौकशी कधी केली नाही. या महिन्यात फिल्टर उतरला तेव्हा ते साबुदाण्याचं ताट घेऊन गाडीखाली वाट बघत उभे होते. कटर फिरवलं. झाकणं पत्र्याची. चकती केशरी, वर्षभर तापूनही मऊ. चुण्या सरळ, एकसारख्या, छप्पन्न. चुरा नाही. काकांनी तो अर्धा तास न्याहाळला. मग बाहेरचा डबा उचलला. वर्षभराच्या उष्णतेनं आणि तेलानं त्याचा रंग उडाला होता, आणि जिथं नाव छापलेलं असतं तिथं मेकॅनिकच्या पान्याचे दात उमटले होते. काकांनी चष्मा काढला, लावला, डबा उजेडात तिरका धरला.

"अरे, आठव ना, कुठला होता?"

मेकॅनिक दुसऱ्या गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, "होता एक."