पाहिजे: एक चक्रम शास्त्रज्ञ

‘द बिग बँग थिअरी’ ही अमेरिकन विनोदी मालिका २००७ मध्ये सुरू झाली आणि बारा पर्वं, २७९ भाग पुरे करून २०१९ मध्ये थांबली. तिच्यावरचं भांडण मात्र अजून थांबलेलं नाही. एका पक्षाचं म्हणणं, तिच्यातला शास्त्रज्ञ शेल्डन कूपर टीव्हीवर आला म्हणून पदार्थविज्ञान दिवाणखान्यात पोचलं. दुसरा पक्ष म्हणतो, सोफ्यावरची ठरलेली जागा कुणी घेतली तर कासावीस होणारा, शेजारणीच्या दारावर तीन-तीनदा टकटक करणारा, नाहीतर दारूचा घोट घेतल्याशिवाय बाईमाणसाशी बोलता न येणारा प्राणी म्हणजे शास्त्रज्ञ, ही समजूत या मालिकेनं पक्की केली. तिसरा पक्ष शास्त्रज्ञांच्या भानगडीत पडत नाही. त्याला पडद्यामागच्या हशाचाच राग येतो, कारण तिकडे सगळे हसतात आणि इकडे आपण हसलो नाही तर आपल्यातच काही खोट असल्यासारखं वाटतं. तिघांचेही पुरावे खरे आहेत आणि निकाल लागत नाही तो त्याचमुळे. माझ्या मते तिघांनीही आरोपीच्या पिंजऱ्यात चुकीचा माणूस उभा केला आहे. चौकशी मालिकेची नको, हसणाऱ्याची करा.

हशा कुठे पिकतो ते पाहा. मालिकेतल्या फळ्यावरची समीकरणं खरी असत. ती तपासायला डेव्हिड सॉल्ट्झबर्ग नावाचे खरेखुरे पदार्थवैज्ञानिक सल्लागार होते. आणि शेल्डन जिथे अगदी बरोबर बोलतो तिथेच समोरचे प्रेक्षक खदाखदा हसतात. त्याच्या वाक्यात चूक नसते. ते वाक्य आपल्याला कळलेलं नसतं, एवढाच त्यातला विनोद. न कळण्याची लाज वाटण्याऐवजी हसू येण्याची ही सोय फार मोठी आहे, आणि त्या सोयीसाठीच शास्त्रज्ञ चक्रम लागतो. तो शहाणा निघाला तर त्याचं म्हणणं समजून घ्यावं लागेल ना!

ही सोय फक्त अमेरिकेतच आहे असं समजू नका. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याचंच घ्या. समुद्रावरून येणारे ढग करूळ आणि भुईबावड्याच्या घाटांना अडून वर चढतात आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस इथे ओतून जातात. अशा पावसात छपरावरच्या छत्रीला सिग्नल मिळत नाही आणि ऐन विनोदाच्या जागी शेल्डनचं तोंड चौकोनी तुकड्यांत गोठतं. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी असते अडीचेक सेंटिमीटर. मुसळधार पावसाचे थेंब त्या लहरी शोषतात आणि विखुरतात, म्हणून चित्र जातं. म्हणजे पडद्यावर ज्या विषयाला हसायचं, तोच विषय छपरावर भिजत बसलेला असतो. प्रेक्षक काय करतो? डिशवाल्याला फोन लावून चार शिव्या हासडतो. त्याच्या जागी, मालिका जिथे घडते त्या पॅसाडेनाचा प्रेक्षक असता तरी त्यानं वेगळं काही केलं नसतं, हेही सांगायला हवं. दोष घाटाचा नाही, पावसाचाही नाही.

यावर लोक म्हणतील, अहो, विनोदी मालिका आहे, हसायचं आणि सोडून द्यायचं. शिवाय फायदाही झाला. ब्रिटनमध्ये पदार्थविज्ञान घेणारी मुलं वाढली तेव्हा २०११ मध्ये तिथल्या वृत्तपत्रांनी त्याचं थोडं श्रेय या मालिकेला दिलं होतं. खुद्द शास्त्रज्ञही रागावले नाहीत. ब्राझीलमधल्या एका मधमाशीच्या जातीला त्यांनी शेल्डनच्या ‘बझिंगा’ या परवलीच्या शब्दावरून नाव दिलं. मान्य. माशीला राग येण्याचा प्रश्न नव्हता आणि शास्त्रज्ञांना विनोद कळतो हे त्यातून सिद्ध झालं. पण मुद्दा शास्त्रज्ञांच्या अपमानाचा नाहीच. अपमान पचवायची त्यांना सवय असते, त्यांचे शोधनिबंध दर महिन्याला साभार परत येत असतात. मुद्दा हा, की आपण कशावर हसतो आणि कशावर हसायचं टाळतो.

त्याचे दोन पुरावे महाराष्ट्रातच आहेत. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, २००८ साली, माधुरी दीक्षितबद्दल एक घाणेरडं वाक्य होतं. त्यावरून २०२३ मध्ये नेटफ्लिक्सला नोटीस गेली. वाक्य नोटिशीच्याच लायकीचं होतं, त्याबद्दल दुमत नको. पण एवढ्या वर्षांत या मालिकेवरून आपल्याकडे गाजलेला वाद हा एवढाच. फळ्यावरचं समीकरण चुकलं म्हणून कुणी वकील गाठल्याचं ऐकिवात नाही. माधुरीबद्दलची चूक पकडणारे आपल्याकडे घरोघरी आहेत.

दुसरा पुरावा जास्त वजनाचा. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली आणि तिथे प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा आधार घेतला, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिलं होतं. चक्रमपणा हवा होता ना? हा घ्या, व्यासपीठ, माइक आणि पुष्पगुच्छासकट! त्या निबंधाला बाहेर विरोध झाला, टीका झाली, पण सभागृहात पडद्यामागचा हशा काही वाजला नाही. म्हणजे बरोबर विज्ञान बोलणाऱ्या शेल्डनला हसायचं आणि चुकीचं विज्ञान बोलणाऱ्यासमोर हात जोडून बसायचं. हसण्याची ही अशी वाटणी आपण केली आहे.

आता आणखी एक गंमत. मालिकेच्या नावात जो सिद्धांत आहे, तोच न पटलेला माणूस आपल्याच जिल्ह्यातला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ ला कोल्हापुरात जन्मले. ‘बिग बँग’ हे शब्द १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर पहिल्यांदा वापरले ते फ्रेड हॉइल यांनी, आणि त्यांना स्वतःला ही महास्फोटाची कल्पना मान्य नव्हती. नारळीकर केंब्रिजमध्ये त्यांचेच विद्यार्थी. गुरुशिष्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा स्वतःचा सिद्धांत मांडला आणि सत्ताविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत नारळीकरांना पद्मभूषण मिळालं. १९६५ मध्ये अवकाशातून सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक जग महास्फोटाच्या बाजूला गेलं. नारळीकर गेले नाहीत. मग हा चक्रमपणा नव्हे का, असं कुणी विचारेल. नव्हे. हट्ट म्हणा हवं तर. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी प्रतिमान मांडलं, ते तपासता येईल अशा भाषेत मांडलं आणि बहुसंख्यांना पटलं नाही म्हणून आरडाओरडाही केला नाही. बहुसंख्यांच्या विरोधात उभं राहून कपड्यांची इस्त्री शाबूत ठेवणाऱ्या माणसाचं टीव्हीनं करायचं काय? मुलं सही मागायला आली तर ते सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी मिळेल. शेल्डन असता तर त्यानं आधी सहीचा करारनामा काढला असता, आणि त्या करारनाम्यावर आपण दोन पर्वं हसलो असतो.

विनोदी मालिकेला शोभेल असं कथानक त्यांच्याकडे नव्हतं, असंही नाही. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखा म्हणून सांगितलं. ५१ जण पुढे आले, उत्तरं पाठवली २७ जणांनी, आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास गेलं असतं. यापेक्षा नाद खुळा कथानक हॉलीवूडच्या लेखकांना सुचलं नसतं. पण इथे हसायचं म्हणजे प्रेक्षकाला स्वतःच्या बोटातल्या अंगठीकडे बघून हसावं लागतं. म्हणून मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा श्रद्धांजल्या भरभरून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाहिन्यांवर बारा राशी नेहमीच्या वेळेला हजर होत्या.

तरीही एखाद्या मराठी वाहिनीला अशी मालिका काढायचीच असेल, तर चित्रीकरण गगनबावड्याला करावं. धुकं फुकट, घाट फुकट, चित्र गेलं तर कारण तयार. पहिला भाग ज्योतिषाच्या चाचणीचा. अडचण एकच: तो भाग अमुक मुहूर्तावर दाखवला तर वाहिनीला बाधेल, असं वाहिनीचा ज्योतिषी आधीच सांगून ठेवेल. त्याचं म्हणणं खरं ठरण्याची शक्यता ४६ टक्के धरायला हरकत नाही.