ज्योत्स्नेचे खिळे

वाङ्मयीन कीर्ती आपल्याला अद्याप लाभलेली नाही ती केवळ वयाच्या अडचणीमुळे, अशी दहावीत असताना ज्याची प्रामाणिक समजूत होती, त्या माझ्यासारख्याला शाळेच्या वृत्तपत्रवर्गात बक्षीससमारंभाची बातमी लिहायला बसवणे म्हणजे प्रतिभेला कारकुनीच्या मेजाशी जखडणे होय, असे मी त्या काळी भेटेल त्याला ऐकवीत असे. वर्ग घेणारे सर मूळचे गणिताचे. पुण्याच्या एका दैनिकाचे तालुका वार्ताहर म्हणून त्यांना ओळींच्या हिशेबाने मेहनताना मिळे, आणि असे असूनही हा गृहस्थ शब्दांच्या बाबतीत इतका कद्रू कसा, हे कोडे मला आजतागायत उलगडलेले नाही.

मी तर फडके-खांडेकरांवर पोसलेला. खुद्द खांडेकर 1920 पासून अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते आणि बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढले तेव्हा तेही विशीच्या आसपासचेच होते, या दोन दाखल्यांच्या आधारे माझ्या थोरवीला आणखी किती वर्षे लागतील याचा हिशेब मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडून ठेवला होता. समारंभ त्रिपुरी पौर्णिमेचा असल्यामुळे बातमीत ज्योत्स्नेचा मुबलक वर्षाव मी केला. सरांनी तांबड्या पेन्सिलीने परिच्छेदच्या परिच्छेद खोडून समासात एवढेच लिहिले, ‘बक्षिसे कोणी वाटली?’ असला प्रश्न रसिकाला पडतोच कसा!

तरीही एक ज्योत्स्ना सरांची नजर चुकवून छापखान्यापर्यंत पोचली, आणि तिथे तिची गाठ खिळेजुळारी काकांशी पडली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी या जमातीवर घोर अन्याय केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीपेक्षा अक्षरांचे कितीतरी अधिक निरनिराळे खिळे देवनागरीला लागत. ते खणाखणांच्या पेट्यांतून न पाहता उचलायचे, हातातल्या पट्टीत उलटे लावायचे आणि उलटेच वाचायचे, हा उद्योग आयुष्यभर केलेल्या माणसाइतके भाषेचे वजन कोणत्या समीक्षकाला कळणार? सावरकरांनी खिळ्यांची संख्या आटोक्यात यावी म्हणून ‘अ’ची बाराखडी सुचवली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती काही काळ चालवलीही. परंतु आमच्या काकांची लिपिसुधारणा याहून मूलगामी होती. त्यांनी माझा कागद चष्म्याजवळ नेला, अंगठ्याची शाई धोतराला पुसली आणि म्हणाले, “बाळ, लग्नसराई हाय. अर्धा ‘स’ समदा ‘सस्नेह निमंत्रणा’त गुतलाय. चांदणं म्हन की! चांदण्याला काय धाड भरलीया?” आणि माझ्या अनुमतीची वाट न पाहता ‘चांदणे’ छापले. मी आठ दिवस त्या रस्त्याने गेलो नाही.

पुढे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या दिवशी सरांनी वर्ग घेतला नाही, पाटणकडची माणसे उतरत होती त्या एस.टी. स्टँडवर आम्हाला पिटाळले आणि हुकूम सोडला, “विशेषण आणाल तर कागद परत.” माझ्यापाशी ‘धरित्रीचा प्रकोप’ वाटेतच तयार झालेला होता. स्टँडवर गोधड्यांच्या गाठोड्यावर बसलेली, डोक्याला मळक्या फडक्याची पट्टी बांधलेली एक म्हातारी मला पोस्टातला माणूस समजली, आणि तिने विचारले, “घर पडलं. मुंबईला लेक गिरणीत हाय, त्याची मनिआडर आता कुठं येनार?” मला उत्तर देता आले नाही. तिचे नाव, गाव आणि तो प्रश्न एवढेच मी उतरवून घेतले. धरित्री कुठे गेली ते माझे मलाच समजले नाही. वयाने लहान असलो तरी त्या बाईपुढे आपली सगळी शब्दसंपत्ती खिशात दडवावी असे वाटण्याइतकी लाज मला होती, आणि ती सरांनी शिकवली होती असे मानायला मी अजूनही राजी नाही.

सरांनी कागद वाचला. पेन्सिल वर उचलली, बराच वेळ तशीच धरली, आणि मग समासात लिहिले, ‘वय?’ मी धावत परत गेलो तो पाटणकडची मंडळी पांगली होती. शाळेच्या अंकासाठी तोच मजकूर जुळवताना काकांनी एकही खिळा अडला नाही असा शेरा मारला, आणि पोरगा आजारी आहे काय, अशी सरांकडे चौकशीही केली.

पुण्याच्या दैनिकात त्यातल्या तीन ओळी आल्या. वर माझे नाव असेल म्हणून मी घरी येण्यापूर्वीच चार अंक विकत घेतले होते. वर होते, ‘आमच्या वार्ताहराकडून’. हा ‘आमचा’ म्हणजे मीच, हे गावातल्या प्रत्येक ओट्यावर जाऊन समजावण्यात माझा तो रविवार खर्ची पडला, आणि निम्म्या लोकांनी ते सौजन्यापोटी मानले. सरांनी मात्र महिनाअखेर मला दप्तराच्या खोलीत बोलावून तीन ओळींचा मेहनताना रीतसर हातावर ठेवला, टपालहशील कापून, आणि वहीत सही घेतली. सही करताना मी नावापुढे ‘साहित्यिक’ असे लिहिले होते. ते त्यांनी खोडले.