धुतलेल्या रुपयाचे गुण

सत्तरपैकी चार गुण मिळवणाऱ्या पोराला परभणीतल्या कुठल्याही शाळेत कुणी 'चांगला' म्हणणार नाही. नाण्यांच्या दुनियेत म्हणतात. तिथे पेपर 70 गुणांचा असतो आणि 4 गुण मिळवणाऱ्या नाण्याच्या चिठ्ठीवर चक्क 'गुड' असं छापून येतं. 'गुड' म्हणजे राजाचं नाक गेलेलं, केस गेलेले, फक्त कुणीतरी माणूस इथे होता एवढं कळतं. 8 गुणांना 'व्हेरी गुड', 12 ला 'फाइन', 20 ला 'व्हेरी फाइन', 40 ला 'एक्स्ट्रीमली फाइन'. 60 पासून पुढे 'मिंट स्टेट', म्हणजे टांकसाळीतून जसं निघालं तसंच. पैकीच्या पैकी 70 त्यालाच, ज्यावर पाचपट मोठं करून पाहिलं तरी ओरखडा सापडत नाही. नापास करायची सोयच नाही. सगळ्यात खालच्या, 1 गुणाच्या नाण्याला 'पुअर' म्हणतात खरं, पण तेही प्रमाणपत्र देऊनच.

ही पट्टी अमेरिकेच्या विल्यम शेल्डनने 1949 साली बसवली. पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसांची शरीरं गोलमटोल, पिळदार आणि काटकुळी अशा तीन खणांत टाकून त्यावरून स्वभाव सांगायचा त्याचा उद्योग होता. त्यातून उरलेल्या वेळात तो अमेरिकेचे जुने तांब्याचे सेंट जमवायचा. त्याचा हिशेब सरळ होता: 1 गुणाच्या सेंटची जी किंमत, तिच्या सत्तरपट किंमत 70 गुणांच्या सेंटची. बाजाराने हा हिशेब थोड्याच वर्षांत मोडीत काढला, पण आकडे तेवढे राहिले. शेल्डन 1977 मध्ये गेला. त्यानंतर उघडकीला आलं, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्या जागी त्याने स्वतःचे हलके सेंट ठेवले होते. प्रकरण कोर्टात गेलं आणि सोसायटी जिंकली. ज्याने नाण्याची प्रत मोजायची पट्टी जगाला दिली, त्यानेच प्रत बदलून ठेवली. मला यात विसंगती दिसत नाही. कुठलं नाणं उचलण्यासारखं आहे, हे त्याच्याइतकं नेमकं कुणाला कळणार होतं?

पुढे 1986 आणि 1987 मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या दोन अमेरिकी कंपन्या उभ्या राहिल्या आणि गुण द्यायचा धंदा झाला. नाणं पाठवायचं, फी भरायची. मालक कोण हे ठाऊक नसलेले परीक्षक ते आळीपाळीने बघतात, गुण ठरतात, मग नाणं जाड पारदर्शक डबीत कायमचं बंद. डबीवर गुण, क्रमांक, बारकोड. या डबीला 'स्लॅब' म्हणतात. आमच्याकडे हा शब्द ऐकला की लोक सिमेंटचा भाव विचारतात. या डबीमागचं कारण मात्र अगदी व्यवहारी आहे. विकणारा एका गावात, घेणारा दुसऱ्या खंडात, मध्ये फक्त एक फोटो. घेणाऱ्याला नाणं हातात घेऊन वाजवता येत नाही, विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघता येत नाही. म्हणून दोघांचाही नातलग नसलेला तिसरा माणूस लागतो.

आमच्या परभणी जिल्ह्यात हा तिसरा माणूस फार आधीपासून होता. तो सराफ्यात गादीवर बसायचा. आणि त्याला काम भरपूर होतं, कारण निजामाच्या राज्यातल्या या मुलखात रुपया एक नव्हता. एक 'हाली', निजामाचा. एक 'कलदार', इंग्रजांचा. हालीवर चारमिनार, आणि कमानीत त्या वेळच्या निजामाचं एक अक्षर: मीर महबूब अलींच्या काळात 'मीम', मीर उस्मान अलींच्या काळात 'ऐन'. हैदराबादच्या सैफाबाद टांकसाळीत 1903 पासून यंत्रावर पाडलेला हा रुपया सुरेख दिसतो. कलदारावरच्या मिशाळ राजांपेक्षा मला तरी चारमिनार बघायला बरा वाटतो. पण सराफ चेहरा बघत नाही. 100 कलदार हवे असतील तर 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजा, हा भाव म्हाताऱ्या माणसांना पाढ्यासारखा पाठ असायचा. सोप्या भाषेत, सात हालीला सहा कलदार. मी एकदा कागदावर मांडून बघितलं. हाली रुपया 11.18 ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा 82 च्या आतबाहेर, म्हणजे सुमारे 9.14 ग्रॅम. कलदार 11.66 ग्रॅमचा, चांदी शेकडा 91.67, म्हणजे 10.69 ग्रॅम. भागाकार करा, सातास सहाच येतात, थोडा दशांश इकडे तिकडे. दोन सरकारं, दोन राजे, दोन भाषा, आणि चांदी मात्र आपला हिशेब चोख ठेवून.

1948 च्या 17 सप्टेंबरला निजामी संपली, पण निजामाचा रुपया संपला नाही. तो पुरता बाद व्हायला 1959 उजाडलं. मध्ये 1957 साली नये पैसे आले. म्हणजे त्या दोन-तीन वर्षांत मानवतच्या कापूस बाजारात हिशेब करणाऱ्या माणसाला हाली, कलदार, आणे आणि नये पैसे एवढं सगळं डोक्यात ठेवावं लागलं असणार. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण कुणी आणि का पाडली याची दहा कारणं सांगतात. त्यात हे अकरावं घालायला माझी हरकत नाही.

सराफाची परीक्षा कानाची असायची. रुपया दगडावर टाकायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर चालला, बद्द आवाज आला तर मुलामा. शंका असेल तर छोटी छिन्नी मारून आतली चांदी बघायची, नाहीतर आपली खूण ठोकायची. जुन्या मोगली आणि कंपनी सरकारच्या रुपयांवर अशा खुणा अजून दिसतात, कधी फुली, कधी चांदणी, कधी नुसता टोचा. एखाद्या रुपयावर पाच-पाच खुणा, म्हणजे पाच पेढ्यांनी पारखून पुढे धाडलेला. त्या काळी हा केवढा भरवसा! आता तोच रुपया अमेरिकेला पाठवा, खुणांसाठी त्याचे गुण कापले जाऊ शकतात आणि चिठ्ठीवर नुसतं 'डिटेल्स' असंही येऊ शकतं. 'डिटेल्स' म्हणजे नाणं खरं आहे हो, पण त्याच्या अंगावर काहीतरी झालेलं आहे, म्हणून आकडा देत नाही.

अंगावर काहीतरी झालेलं नाही असं नाणं आमच्याकडे कुठून आणायचं, ते मला कळत नाही. सेलूच्या माझ्या मावशीकडे पितळी डब्यात काही हाली, काही कलदार आहेत. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती ते चिंचेने घासते, मग राखेने, हल्ली पितांबरीने. मग दूध, मग पाणी, मग हळदकुंकू. तिच्या सासूनेही हेच केलं. चारमिनारच्या कमानी आता इतक्या गुळगुळीत झाल्यात, की पावसाळी ढगातून बघतोय असं वाटतं. पुण्यात कंपनीत असलेला तिचा नातू गेल्या दिवाळीत आला, तेव्हा हा कार्यक्रम ऐन रंगात होता.

"आजी, काय करायलीस? धुऊ नको, किंमत जाते!"

"धुतल्यानं किंमत जाते?"

"अगं, जगात धुतलेलं नाणं कुणी घेत नाही. वरचा काळपटपणा असू द्यायचा, त्याला टोन म्हणतात. त्याचेच पैसे मिळतात."

मावशीने हातातला रुपया पाण्यात बुडवला आणि नातवाकडे असं बघितलं, की पुण्याचं पाणी लागलं बाई याला. "लक्ष्मी पारोशी पूजू का मग मी?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते पीसीजीएस आणि एनजीसी दोघांकडेही नाही. त्यांचं सगळं शास्त्र पारोशा नाण्यांचं आहे. जे कधी धुतलं नाही, कधी दागिन्यात बसलं नाही, कधी कुणाच्या कनवटीला लागलं नाही, त्याला वरचे गुण. आमच्या नाण्यांनी एवढं निवांत आयुष्य कधी काढलंच नाही. गळ्यातल्या माळेसाठी मागे कडी जोडलेला रुपया: 'माउंट काढलेला', आकडा नाही. जिंतूरकडच्या तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बंजारा बायांच्या पोशाखावर शिवलेले, भोक पाडलेले रुपये: आकडा नाही. गंगाखेडला पुलावरून आगगाडी जाताना लोक हात जोडून गोदावरीत नाणं टाकतात. ते उन्हाळ्यात वाळूतून वर आलं तर 'वातावरणाने खराब' असा शेरा. गोदामाईला वातावरण म्हणणारा शेरा आमच्या तिकडे मोठ्याने वाचू नये. म्हणजे बाजारात हिंडलेलं, मंगळसूत्राच्या वेळी गहाण पडलेलं, देवाला वाहिलेलं नाणं ढ. आणि टांकसाळीच्या थैलीत पडून राहिलेलं, आयुष्यात एक काडी न हलवलेलं नाणं हुशार. उन्हातान्हात राबलेल्याला 'गुड' आणि घरात बसलेल्याला 'मिंट स्टेट'!

नातू हट्टी. त्याने इंटरनेटवर नाणी विकायचं ठरवलं. तिथे उतरल्यावर कळलं, की ते एक वेगळंच जग आहे. वैष्णोदेवीच्या छाप्याचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखो मिळतील, ट्रॅक्टरवाली पाचची नोट असेल तर लाखो, 786 आकड्याची नोट असेल तर विचारूच नका. ते वैष्णोदेवीचं नाणं सरकारने 2012 साली काढलं, बाजारात सोडलं, कितीतरी लोकांनी त्यातून बिस्किटं घेतली असतील. ट्रॅक्टरची नोट तर आमच्याकडे ट्रॅक्टरपेक्षा जास्त होती. तरी माणसं फोटो टाकतात. मग फोन येतो: नाणं आम्ही घेतो, फक्त आधी कमिशन भरा, टॅक्स भरा, रिझर्व्ह बँकेची परवानगी काढून देतो. शेवटी 2021 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेलाच सांगावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही, आमच्या नावाने कुणाला पैसे देऊ नका.

हे बघितल्यावर मला त्या पारदर्शक डबीबद्दल आदर वाटायला लागला, हे कबूल केलं पाहिजे. अनोळखी माणसाच्या 'एकदम ओरिजिनल भाऊ' पेक्षा डबीवरचा क्रमांक बरा. कंपनीच्या साइटवर तो टाका, तिथल्या नोंदीशी समोरचं नाणं जुळतंय का बघा. फक्त डबी बघून भुलू नका, कारण डब्याही नकली निघतात. आणि अस्सल डबीतही माणूस स्वस्थ बसत नाही. काही जण 64 मिळालेलं नाणं डबी फोडून बाहेर काढतात आणि पुन्हा पाठवतात, कदाचित या वेळी 65 मिळतील म्हणून. पेपर फेरतपासणीला टाकायची विद्या आपल्याच बोर्डाची आहे असा माझा समज होता. शिवाय 2007 मध्ये सीएसी नावाची आणखी एक कंपनी निघाली. ती दिलेले गुण बरोबर आहेत का ते तपासते आणि डबीवर हिरवी टिकली चिकटवते. प्रमाणपत्राला प्रमाणपत्र. सराफाच्या पाच खुणा आणि हे, फरक एवढाच, की आता नाण्याऐवजी प्लास्टिकवर ठोकतात.

नाणी तपासायला अमेरिकेला पाठवावीत म्हटलं, तर नातवाला दुसरी अडचण कायद्याची आली. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांपुढची नाणी पुरावस्तू ठरतात, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे महबूब अलींचे सगळे रुपये बाद, उस्मान अलींचे सुरुवातीचेही. हाली रुपयावर साल हिजरी असतं, आणि हिजरी वर्ष चांद्र, त्यामुळे हिजरीने मोजलं तर नाणं तीन वर्षं आधीच शंभरी गाठतं. कुठल्या सालाने म्हातारं धरायचं, यावर त्याने माझ्याशी बराच वाद घातला. कायदा इंग्रजी कॅलेंडर बघतो, असं मी त्याला समजावलं. त्याच भरात त्याला 1878 चा गुप्तधनाचा कायदाही सापडला, ज्यात जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला कळवा असं आहे. दहा रुपये! परभणीत नांगराला हंडा लागला तर कळवायचं, हे ठीक. पण त्या हिशेबाने चहाचा कटही रानात पुरून ठेवायची सोय नाही.

ज्याला नाण्यात खरोखर रस आहे त्याने नाशिकजवळ अंजनेरीला जावं. तिथल्या नाणकशास्त्राच्या संस्थेच्या उभारणीत परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाचा हात होता. तिथे नाण्याला किती गुण असा प्रश्न कुणी घाईने विचारत नाही. कुणी पाडलं, कुठे चाललं, कसं इथवर आलं हे विचारतात. पण नातवाला घाई होती. त्यात त्याला आणखी एक खूळ कळलं. अमेरिकेत काही संग्राहक मुद्दाम 1 गुणाची नाणी शोधतात. सगळ्यात झिजलेल्या नाण्यांचे संच कोण जमवतो, याची पीसीजीएसकडे रीतसर नोंद आहे. त्याचे डोळे चमकले. झिजण्यात मावशीच्या डब्याचा हात कोण धरणार? पण तिथेही अट आहे: झीज प्रामाणिक पाहिजे, घासलेली चालत नाही. चिंचेने तीन पिढ्यांची प्रामाणिक झीज बाद केली होती.

फी, कुरिअर, विमा मांडून बघितलं तर एका रुपयामागचा खर्च त्यातल्या नऊ ग्रॅम चांदीपेक्षा वर जात होता. म्हणून यंदा त्याने उलटं केलं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून उस्मान अलींच्या काळातला, 63 गुणांचा, डबीबंद हाली रुपया विकत घेतला आणि आजीला दिवाळीला दिला. चारमिनार असा लख्ख, की कमानीतला 'ऐन' चष्म्याशिवाय दिसावा. मावशीने तो उलटसुलट केला.

"उघडायचा कुठून?"

"उघडायचा नसतो, आजी. उघडला की गुण गेले."

"मग ह्याला अंघोळ?"

नातवाने मोबाइल काढला आणि डबीचं प्लास्टिक बाहेरून धुतलं तर चालतं का, ते शोधायला बसला. मऊ फडक्याने हलकेच पुसलं तर चालतं असं निघालं. त्याचं वाचून संपेपर्यंत मावशीने चिंच भिजवली होती.