शिधा कुणाला, पुरावा कुठे?

दवाखान्याच्या आवारात मांडव, टेबलावर पोषण किटची चळत, मागे कंपनीचा फलक आणि समोर मास्क लावून ओळीने बसवलेले टीबीचे रुग्ण. फोटो निघतो, किट वाटली जातात, वार्षिक अहवालात लाभार्थ्यांचा आकडा पडतो. त्या लाभार्थ्यांपैकी किती जणांचं वजन वाढलं, हे मात्र अहवालात शोधूनही सापडत नाही. मला याचा राग येतो. देणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण रुग्णाच्या नावावर पैसा खर्च होत असेल, तर त्याला गुण आला का, हे विचारायलाच हवं.

नुसती कळकळ कुठे कमी पडते, हे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात दिसलं. तिथल्या डॉ. जेफ्री ब्रेनर यांच्या लक्षात आलं, की मूठभर रुग्ण पुन्हा पुन्हा इस्पितळात भरती होतात आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांच्यावरच जातो. एकाच माणसाला चार-चार आजार, जोडीला गरिबी, व्यसन, कुणाला धड निवारा नाही. त्यांच्या संस्थेने परिचारिका, समाजसेवक आणि आरोग्यसेवकांची पथकं उभी केली. माणूस इस्पितळातून सुटला की पथक त्याच्या घरी जायचं, औषधं लावून द्यायचं, डॉक्टरकडे सोबत जायचं, सरकारी मदतीचे अर्ज भरायला बसायचं. देशभर या कामाचं नाव झालं, इतर शहरांनी तेच सुरू केलं.

मग ही संस्था स्वतःहून कसोटीला उभी राहिली. 800 रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली: काहींना पथकाची साथ, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. जानेवारी 2020 मध्ये निकाल छापून आला. 180 दिवसांत पुन्हा भरती होणाऱ्यांचं प्रमाण पथकाची साथ मिळालेल्यांत 62.3 टक्के आणि न मिळालेल्यांत 61.7 टक्के. म्हणजे फरक काहीच नाही. आणि खरी गोष्ट तर पुढे आहे. फक्त साथ मिळालेल्यांचे आधीचे आणि नंतरचे सहा महिने ताडून पाहिले असते, तर प्रमाण 38 टक्के अंकांनी उतरलेलं दिसलं असतं. दुसऱ्या गटातही ते तसंच उतरलं होतं. ताप चढलेला असताना काढा दिला आणि सकाळी अंग गार लागलं, की श्रेय काढ्याला जातं. इथेही माणसं निवडली होती ती त्यांच्या सर्वांत वाईट दिवसांत, आणि त्यातली बरीच जण मदतीशिवायही सावरणार होती. आपल्याकडच्या यशोगाथांपैकी किती अशा ‘आधी आणि नंतर’वर उभ्या आहेत, हे ज्याने त्याने तपासावं.

आता झारखंडकडे या. 2019 पासून तिथल्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रेशन्स’ नावाचा प्रयोग केला. फुप्फुसाचा टीबी झालेले 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसं. पाचातले चार रुग्ण कुपोषित. सगळ्या रुग्णांना महिन्याला दहा किलोंचा शिधा मिळाला: तांदूळ, सत्तू, दूध पावडर, तेल. फरक ठेवला तो घरच्यांत. निम्म्या भागांत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळही दिली, उरलेल्या भागांत घरचे नेहमीचंच खात राहिले. जिथे घरच्यांना शिधा मिळाला, तिथे त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी निघालं. थुंकीच्या तपासणीसारख्या चाचणीत जंतू सापडलेला टीबी तर 48 टक्क्यांनी. साधारण 30 घरांना शिधा पोचला, की टीबीचा एक नवा रुग्ण टळतो. तांदूळ आणि डाळ! लस नाही, नवं औषध नाही.

याच प्रयोगातला दुसरा आकडा भाषणांत जास्त फिरतो: पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी होता. आकडा खरा आहे, पण तो पहिल्याइतका भक्कम नाही. शिधा सगळ्याच रुग्णांना होता, न मिळालेला गट नव्हताच. ज्यांचं वजन वाढलं, त्यांचा आजार मुळातच हलका असू शकतो. रुग्णाला पोटभर अन्न द्यायलाच हवं, त्यासाठी कुठल्या प्रयोगाची वाट पाहायची नाही. मात्र कुठला आकडा कशावर उभा आहे, हे सांगायला कचरू नये.

आता धोरण पाहा. एप्रिल 2018 पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला 500 रुपये जमा होऊ लागले, नोव्हेंबर 2024 पासून 1,000. वाढ हवीच होती. पण पैसे रुग्णाला मिळतात, आणि झारखंडमध्ये टीबी टळला तो घरच्यांना धान्य दिल्याने. घरच्यांसाठी 2024 मध्ये जाहीर झालं ते निक्षय मित्रांचं, म्हणजे दात्यांचं साहाय्य. दाता मिळाला तर शिधा, नाहीतर घरातलं लेकरू खोकणाऱ्या बापाशेजारी अर्धपोटी झोपणार. इतका स्वच्छ पुरावा आपल्याच देशात, आपल्याच पैशातून हाती आला असताना तो दात्यांच्या मर्जीवर सोडणं मला मान्य नाही. घरच्यांचा शिधा हा टीबीच्या उपचाराचाच भाग धरून सरकारने तो आपल्या तिजोरीतून द्यावा. सोबत दर महिन्याला वजन घ्यावं आणि ते जिल्ह्यागणिक जाहीर करावं.

तोवर जे निक्षय मित्र आहेत किंवा होणार आहेत, त्यांना एक विनंती. एका महिन्याचं किट शंभर जणांना वाटू नका. थोडीच घरं घ्या, पण पूर्ण सहा महिने घ्या. उपचार केंद्रात विचारा, घरात खाणारी तोंडं किती आहेत, आणि शिधा त्या हिशेबाने भरा.